नवी साथ भारी की नेहमीचा फ्लू? आणि आबांना वारीला पाठवायचं का?

पत्राचा सारांश: नाशिकहून एका ताईंनी लिहिलंय. वय ४३, पतसंस्थेत नोकरी, घरात नवरा, १३ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा, सासू आणि सासरे. सासरे, म्हणजे आबा, ७४ वर्षांचे, शुगर आहे, पूर्वी विड्या ओढायचे त्यामुळे छातीचा जुना त्रास, इनहेलर चालू. दरवर्षी निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात, हल्ली नगरपर्यंत गाडीने आणि पुढे दिंडीत चालत. ताईंचा मोठा भाऊ एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला, तेव्हापासून नव्या व्हायरसची बातमी दिसली की त्यांची झोप उडते. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही नावाच्या व्हायरसच्या बातम्या आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही मुलांना आठ दिवस घरी ठेवलं होतं. आता बर्ड फ्लूबद्दल वाचून त्यांनी ठरवलंय की आबा यंदा वारीला जाणार नाहीत. धाकटे दीर फॅमिली ग्रुपवर म्हणतात, फ्लूने दरवर्षी लाखो लोक मरतात त्याची कोणी बातमी करत नाही, कोरोना पण फ्लूच होता, उगाच घाबरवलं, आबांना जाऊ द्या. ताईंनी रागाने ग्रुप सोडला, नवरा मधल्यामधे अडकलाय. त्या विचारतात: "नवी साथ फ्लूपेक्षा खरंच धोकादायक असते का? तुम्ही डॉक्टर आहात, एकदाच स्पष्ट सांगा म्हणजे मी ते दिरांना पाठवते."

ताई,

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, रागावू नका. म्हणजे तुम्हाला सल्ला नकोय, दारूगोळा हवाय. तो थोडा मिळेल, कारण तुमच्या दिरांचं म्हणणं बरंचसं चुकीचंच आहे. पण त्याआधी तुमच्याच पत्रातली एक ओळ तुम्हाला वाचून दाखवते, तुम्ही ती जाता जाता कंसात लिहिली आहे: "(गेल्या सप्टेंबरात आबा चार दिवस अ‍ॅडमिट होते, दोन दिवस ऑक्सिजन लावला होता, पण ते साधं व्हायरल होतं.)"

तुमच्या पत्रात बर्ड फ्लू नऊ वेळा आलाय, मी मोजलं. आबांचं अ‍ॅडमिट होणं एकदा, आणि ते पण कंसात.

७४ वर्षांचा माणूस, शुगर, फुप्फुसं आधीच थकलेली, पावसाळा संपता संपता ताप येतो, दम लागतो, ऑक्सिजन लावायची पाळी येते, आणि घरातली सगळ्यात जास्त काळजी करणारी बाई त्याला "साधं" म्हणते. तो फ्लूच होता असं मी इथे बसून सांगणार नाही, टेस्ट झालेली दिसत नाही. पण आपल्याकडे फ्लूचे दिवस कुठले तर एक जानेवारी ते मार्च आणि दुसरे पावसाळ्यातले, जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत. आबांचा सप्टेंबर त्यात बरोब्बर बसतो. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरताय तो अजून तुमच्या गल्लीत आलेला नाही, आणि जो येऊन आबांना चार दिवस घेऊन गेला त्याची तुमच्याकडे नोंदच नाही.

आणि गंमत अशी की दिरांची चूक पण तीच आहे, फक्त उलट्या बाजूने. ते म्हणतात कोरोना फ्लूच होता, म्हणजे किरकोळ होता. तुम्ही म्हणता आबांना साधं व्हायरल होतं, म्हणजे किरकोळ होतं. दोघांच्या डोक्यात फ्लू म्हणजे किरकोळ. आपल्याकडे हा शब्दच फार स्वस्त झालाय हो, नाक वाहिलं की फ्लू, घसा धरला की फ्लू, सोमवारी ऑफिसला जायचं नसलं की फ्लू. खरा इन्फ्लुएंझा झालेला माणूस दवाखान्यात आला की ओळखू येतो, ताप १०२-१०३, अंग ठेचून काढल्यासारखं, बाकावर बसवत नाही म्हणून बायकोच्या खांद्याला टेकलेला. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की नेहमीच्या फ्लूने जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं श्वसनाच्या त्रासाने जातात. म्हणजे दिरांचं पहिलं वाक्य खरं आहे. लाखो मरतात, आणि बातमी होत नाही. फक्त त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष उलटा आहे. फ्लू एवढी माणसं घेऊन जातो तर आबांना सांभाळा असं निघायला पाहिजे, ते म्हणतात जाऊ द्या.

आता तुमचा प्रश्न, नवी साथ जास्त धोकादायक का. तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला दुतोंड्या मारुती सांगायला नको. पावसाळ्यात गोदावरी चढली की अख्खं गाव एकच विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं पाणी? पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला. पण रामकुंडावर दुकान असलेला माणूस तेवढ्यावर थांबत नाही, तो लगेच दुसरं विचारतो, गंगापूरमधून किती सोडलंय? कारण आत्ता पाणी पायाशी असलं तरी धरणातून विसर्ग वाढवलाय म्हटल्यावर तो माल उचलायला लागतो. आणि तिसरी गोष्ट तो न विचारता बघतो, पात्रात कोण आहे, कुठला फुलवाला अजून टोपली मांडून बसलाय, कुठली म्हातारी अजून पायरीवर आहे.

नेहमीचा फ्लू म्हणजे दरवर्षी गुडघ्यापर्यंत येणारं पाणी. सगळ्यांना ओळखीचं, कुठपर्यंत येणार माहिती, दुकानं त्या हिशोबाने मांडलेली. तरी दरवर्षी कोणी ना कोणी वाहून जातं. नवी साथ सुरू होते तेव्हा पाणी पायाशी पण नसतं, त्यामुळे आकडे बघणारा म्हणतो की हे तर गुडघ्याच्या खालीच आहे, घाबरताय काय. फेब्रुवारी २०२० मध्ये जगभर शहाणीसुरती माणसं हेच म्हणत होती, फ्लूने लाखो आणि या नव्याने फक्त काही हजार. एक आकडा अख्ख्या वर्षाचा, दुसरा पहिल्या काही आठवड्यांचा. शिवाय फ्लूचा आकडा हा अंदाज असतो, कारण फ्लूने गेलेल्या बहुतेकांची टेस्ट होतच नाही, आणि कोविडचा आकडा म्हणजे टेस्ट होऊन नावानिशी मोजलेले. एक माप पायलीचं आणि एक वाटीचं, आणि तुलना दाण्यांची.

विसर्गाचा, म्हणजे साथ किती वेगाने पसरते त्याचा, हिशोब कागदावर करून बघा, तुम्ही पतसंस्थेत आहात, चक्रवाढ व्याज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. नेहमीच्या फ्लूचा एक पेशंट साधारण सव्वा ते दीड माणसाला देतो, आपण १.३ धरू. सुरुवातीचा कोविड अडीच-तीन जणांना देत होता, आपण अडीच धरू. एका माणसापासून सुरुवात करा आणि दहा पायऱ्या मोजा. फ्लूमध्ये दहाव्या पायरीवर १४ जण नवे आजारी असतात. कोविडमध्ये साडेनऊ हजार. एवढा फरक कशामुळे, तर व्याजदर १.३ ऐवजी अडीच, बस. फ्लूचा दर कमी का, तर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठला ना कुठला फ्लू आधी झेललेला असतो, शरीर थोडंफार ओळखतं. नव्या व्हायरसला कोणीच ओळखत नाही, लहान नाही मोठं नाही.

त्यावर मृत्यूचं प्रमाण. लस नव्हती तेव्हा कोविड झालेल्या दर हजारात साधारण पाच ते दहा माणसं जात होती असे बरेच अंदाज आहेत, जिथे म्हातारी माणसं जास्त तिथे जास्त, तरुण देशात कमी. फ्लूमध्ये हजारात एक किंवा त्याहून कमी. "हजारात दहा" ऐकायला काहीच वाटत नाही, ९९ टक्के बरे होतात म्हणून तर फॉरवर्ड फिरत होते ना, पण व्याजदर अडीचचा असला की हजार कधी कोटी झाले कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २१ या दोन वर्षांत जगात नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू मोजले, अंदाज आला १ कोटी ४९ लाख. फ्लूचा दोन वर्षांचा हिशोब वरच्या आकड्यावरून करा, जास्तीत जास्त १३ लाख. (भारताचा त्यातला अंदाज ४७ लाख होता, आपल्या सरकारला तो मान्य नाही, त्या दोन वर्षांचा सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास. तो वाद मी इथे काढत नाही.)

दिरांना एकच गोष्ट सांगायची असेल तर मी आकडे सोडून ही सांगेन. लॉकडाऊन, मास्क, शाळा बंद, विमानं बंद, या सगळ्यात २०२० आणि २१ मध्ये नेहमीचा फ्लू जगातून जवळजवळ गायब झाला होता. फ्लूची एक अख्खी शाखा, बी-यामागाटा म्हणतात, ती मार्च २०२० नंतर सापडलेलीच नाही, इतकी की लसीतूनही आता तिला काढत आणलंय. म्हणजे ज्या बंदोबस्तात फ्लू मेला, त्याच बंदोबस्तात कोविड एवढी माणसं घेऊन गेला. दोन्ही एकच असते तर दोन्ही मेले असते.

आता दिरांच्या बाजूनेही एक. आजच्या कोविडबद्दल ते हे बोलले असते तर मी एवढी भांडले नसते. लस झाली, बहुतेकांना एकदा-दोनदा होऊन गेला, मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणी पण उठली. आता तो हळूहळू त्याच ओळीत जाऊन बसलाय जिथे फ्लू बसतो. पण आजच्या म्हाताऱ्या वाघाकडे बघून तो २०२१ मध्ये पण असाच होता म्हणणं, हे ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला लागणारच.

मग नवा व्हायरस म्हटला की घाबरायचं का? इथे तुमची पाळी. नवा आणि जीवघेणा एवढ्याने साथ होत नाही. २००३ चा सार्स नावाचा आजार, झालेल्या दर दहातला एक जवळपास जायचा, भयंकर, पण जगात एकूण ८ हजारांच्या आसपास लोकांना झाला, ७७४ गेले आणि संपला. का? कारण सार्सचा पेशंट आधी चांगलाच आजारी पडायचा आणि मग जास्त पसरवायचा, तोपर्यंत दवाखान्यात असायचा, त्यामुळे वेगळं ठेवता आलं. कोविडचा माणूस हसत खेळत लग्नाला जाऊन यायचा, ताप दोन दिवसांनी.

तुमच्या बर्ड फ्लूचं तसंच. एच५एन१, म्हणजे हाच बर्ड फ्लू, माणसाला झाला तर फार वाईट, २००३ पासून जगात ९०० च्या वर माणसांमध्ये सापडलाय आणि त्यातली निम्मी गेली. ही "निम्मी" वाचून तुमची झोप उडाली असणार. पण हे निम्मे कशातले, तर जे इतके आजारी पडले की दवाखान्यात पोचले आणि टेस्ट झाली त्यातले. आणि मुख्य म्हणजे एवढ्या वर्षांत तो माणसाकडून माणसाकडे सलग पसरत गेलेला नाही, व्याजदर एकाच्या खालीच राहिलाय. आपल्याला तो नवीनही नाही, देशात कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा सापडला तोच आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. नागपूरच्या गोरेवाड्यात मध्यंतरी वाघ दगावले ते याच्यानेच. शास्त्रज्ञ त्याच्यावर डोळा ठेवून आहेत ते बरोबरच आहे, धरणावरच्या माणसाने चोवीस तास पातळी बघितलीच पाहिजे. पण घरी बसून तुम्ही ती बघायची गरज नाही. तुम्ही चिकन नीट शिजवा, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका, झालं. वारीत आबांना बर्ड फ्लू गाठेल ही भीती आज तरी मनातून काढून टाका.

आणि एचएमपीव्ही तर नवा नव्हताच हो. २००१ मध्ये हॉलंडमध्ये त्याला नाव मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून तो मुलांना सर्दी-खोकला करत होता. टेस्ट नवी पोचली, व्हायरस जुनाच. तुमची मुलं आठ दिवस घरी बसली ती एका जुन्या सर्दीसाठी.

उगाच घाबरण्याची पण किंमत असते, म्हणून हे बोलते. १९७६ साली अमेरिकेत एका लष्करी तळावर स्वाईन फ्लूने एक सैनिक गेला, १९१८ ची फ्लूची मोठी साथ परत येणार म्हणून सरकारने घाईघाईने चार कोटींच्या वर लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही. आणि लस घेतलेल्या दर लाखामागे साधारण एकाला जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पडण्याचा आजार, जास्तीचा झाला. नंतर कित्येक वर्षं लोक लस म्हटली की नाक मुरडायचे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. २००९ मध्ये माझा दवाखाना पुण्यात सिंहगड रोडला होता. ऑगस्टमध्ये देशातला स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी, आणि शहर जागच्या जागी थिजलं. शाळा बंद, मॉल-थिएटर बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी ही रांग, लोक रुमालावर निलगिरी टाकून, गळ्यात कापूर-वेलचीची पोटली बांधून फिरत होते. माझ्याकडे एक काका यायचे, एकावर एक तीन मास्क लावून, आणि काकूंना दाराबाहेरच उभं करायचे की आत जंतू असतील. त्या वर्षी दोघांना काही झालं नाही. मग साथ ओसरली, जाहीरपणे संपली ऑगस्ट २०१० मध्ये. व्हायरस मात्र कुठे गेला नाही, तो नेहमीचा झाला. आज लॅब जेव्हा "सीझनल एच१एन१" लिहून देते ना तो तोच, २००९ चा.

२०१५ च्या फेब्रुवारीत त्याच काकू ताप घेऊन आल्या. शुगर होती, साठी उलटलेली. मी बघितलं, व्हायरल दिसतंय म्हटलं, पॅरासिटामॉल दिली, घरी पाठवलं. मी. जिने २००९ मध्ये शंभर लोकांना समजावलं होतं की शुगरवाल्यांनी वाट बघू नका. पाचव्या दिवशी काका घाबरेघुबरे, आता एकही मास्क नाही, "मॅडम हिला बोलताना धाप लागतेय." अकरा दिवस आयसीयूत होत्या, स्वाईन फ्लू निघाला. घरी आल्या, नशीब. काका मला म्हणाले, पण तो तर कधीच गेला होता ना? त्या वर्षी देशात ४२ हजारांच्या वर केसेस सापडल्या आणि तीन हजाराच्या आसपास माणसं गेली, साथीच्या नाही, "नेहमीच्या" फ्लूने. २००९ सारख्या शाळा बंद झाल्या नाहीत, कोणी पोटल्या बांधल्या नाहीत फारशा.

म्हणून म्हणते, नवी साथ आणि नेहमीचा फ्लू ही दोन वेगळी माणसं नाहीत, बऱ्याचदा एकच माणूस, तरुणपणी आणि म्हातारपणी. एच३एन२ नावाचा जो फ्लू दर एक-दोन वर्षांनी म्हाताऱ्यांना छळतो तो १९६८ च्या हाँगकाँग साथीतून आलेला. १९१८ ची मोठी साथ, जिला आपल्याकडची जुनी माणसं मानमोडी म्हणायची, ती जूनमध्ये मुंबईत आली तेव्हा चार दिवसांचा ताप म्हणून लोकांनी सोडून दिली, आणि सप्टेंबरमध्ये परतली ती अशी की एकट्या हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या वर माणसं गेल्याचे अंदाज आहेत, त्यात विशी ते चाळिशीतली धडधाकट जास्त. ती पण इन्फ्लुएंझाच होती बरं का. "फ्लूच तर होता" हे वाक्य १९१८ मध्ये पण खरं होतं.

थोडं तुमच्या दादाबद्दल. घाईने बोलायचा विषय नाही, तरी बोलते. तुम्ही लिहिलंय की बेड मिळायला चौदा तास गेले. नव्या साथीचा हा एक भाग कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही, सगळे एकाच आठवड्यात आजारी पडतात. तोच आजार, तोच माणूस, मार्चमध्ये वाचतो आणि एप्रिलमध्ये नाही, कारण मध्ये ऑक्सिजन संपलेला असतो. फ्लू माणसं घेतो पण शक्यतो रांगेने घेतो, डॉक्टरांना श्वास घेऊ देतो. म्हणून त्या महिन्यात तुम्ही काही वेगळं करायला हवं होतं का हा प्रश्न तुम्ही रात्री स्वतःला विचारत असाल, आणि पत्राच्या सुरावरून वाटतं विचारता, तर त्याचं उत्तर तुमच्या हातात कधीच नव्हतं. तरीही झोप अशीच उडत राहिली, मुलांना घरी ठेवावंसं वाटत राहिलं, तर एकदा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडून नाव घ्या. यात कमीपणा नाही, अशा एप्रिलनंतर माझ्याकडचे कितीतरी जण गेले.

आणि तुम्हीच लिहिलंय की त्या रात्री सिलेंडर शोधत सिन्नर ते ओझर कोण फिरलं, तर धाकटे दीर. मग मला सांगा, ज्याने ते बघितलं तो "फ्लूच होता" का म्हणत असेल? मी त्यांना ओळखत नाही, कदाचित नुसतेच हट्टी असतील, घरोघरी एक असतोच. पण काही माणसं बघितलेलं लहान करून ठेवतात कारण मोठं ठेवलं तर झोपता येत नाही. तुम्ही मोठं करून ठेवलंत, त्यांनी लहान. ग्रुपवर आकडे पाठवून हे सुटणार नाही. ग्रुपवर परत जाऊ नका हवं तर, पण एकदा त्यांना घरी चहाला बोलवा आणि कोविडचा विषय न काढता एवढंच म्हणा, आबांना फ्लूची लस द्यायचीय, तुम्ही घेऊन जाल का त्यांना? नाही म्हणणार नाहीत. फ्लूने लाखो मरतात हे त्यांचंच वाक्य आहे.

आता वारी. पूर्ण पत्रात एका माणसाचं मत नाही, ज्याला चालायचंय त्याचं. तुम्ही म्हणता जायचं नाही, दीर म्हणतात जाऊ दे, आणि आबा गप्प. २०२० आणि २१ मध्ये पायी वारी झाली नाही, पादुका बसने गेल्या, ती दोन वर्षं आबांनी कशी काढली ते तुम्ही बघितलंय. त्यांना विचारा. त्यांना कदाचित यंदा दम पुरणार नाही असं स्वतःलाच वाटत असेल आणि कोणी रोखलं तर सुटका होईल, किंवा उलट. विचारल्याशिवाय कळणार नाही.

जायचं ठरलं तर या आठवड्यात त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा. शुगर, बीपी, चालताना ऑक्सिजन किती उतरतो ते बघून डॉक्टर नाही म्हणाले तर नाही, मग दीर काही का म्हणेनात. हो म्हणाले तर फ्लूची लस लगेच, कारण टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात आणि पालखी जूनमध्ये निघते. फ्लूचा व्हायरस रूप बदलतो म्हणून ही दरवर्षी घ्यावी लागते, मागे घेतली होती असं चालत नाही. खाजगीत साधारण दीड-दोन हजाराच्या घरात पडते, आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. ही लस कवचकुंडलं नाहीत, चांगल्या वर्षी आजाराची शक्यता निम्म्याच्या आसपास कमी होते, पण आबांसारख्याला आयसीयूपासून लांब ठेवण्यात तिचा खरा उपयोग. छाती आणि शुगर दोन्ही असल्यामुळे न्यूमोनियाच्या लसीचं पण विचारा, ती वेगळी असते, दरवर्षी लागत नाही. सासूबाईंना पण फ्लूची द्या, घरातले सुरक्षित तर आबा सुरक्षित.

तुमच्याकडे तीन ऑक्सिमीटर आहेत म्हणता, त्यातला एक आबांच्या पिशवीत टाका, पण त्याआधी ते ठणठणीत असताना चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून आकडा वहीत लिहा. जुन्या छातीवाल्यांचा नेहमीचाच आकडा कधी कधी ९३-९४ असतो, तो माहिती नसला की मुक्कामाच्या ठिकाणी उगाच पळापळ होते किंवा खरी गरज असताना कोणी लक्ष देत नाही. मास्क दिवसभर रस्त्यात लावायची गरज नाही, मोकळ्या हवेत काय होतंय, तुमचा हट्ट तिथे नको. दिंडीच्या ट्रकमध्ये, आणि रात्री राहुटीत पंधरा-वीस जण दाटीवाटीने झोपतात तिथे कोणी खोकत असेल तर लावायचा, किंवा सरळ जागा बदलायची. दिंडीत दोन माणसांना आबांच्या गोळ्या, इनहेलर आणि तुमचा नंबर माहिती पाहिजे, त्यातला एक तरी तरुण.

आणि ताप आला तर? तर "वारीत होतंच असं" म्हणून दोन दिवस रेटायचं नाही. फ्लूची गोळी, ओसेल्टामिविर, पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी, म्हणून आबांसारख्या जास्त धोका असलेल्या माणसाने त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पालखीबरोबर आरोग्य पथकं असतात. मेडिकलवाल्याने दिलेल्या अँटिबायोटिकने व्हायरस मरत नाही. बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळे, छातीत दुखतंय, भान हरपल्यासारखं, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं की दिंडी सोडायची आणि गाडी करायची. छातीत दुखण्याचं मुद्दाम लिहिलंय, फ्लू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका साधारण सहा पटीने वाढलेला एका मोठ्या अभ्यासात दिसलाय, आणि शुगरवाल्याला अटॅक आला तरी कधी कधी दुखत पण नाही, नुसता घाम आणि गळाठा. (खरं सांगायचं तर वारीत फ्लूपेक्षा जुलाब आणि ऊन जास्त जणांना झोपवतात, पाणी कुठलं पितायत ते पण बघा.)

यापुढे बातम्यांचं काय करायचं तेवढं सांगते, तुमच्यासारखी पत्रं महिन्याला चार येतात म्हणून. "नवा व्हायरस" दिसला की मृत्यूदराची टक्केवारी वाचूच नका, सुरुवातीला ती दोन्ही बाजूंनी चुकते. २००९ मध्ये मेक्सिकोतले पहिले आकडे फार भयानक होते, नंतर पुष्कळ उतरले. त्याऐवजी शोधा की हा माणसाकडून माणसाला सलग लागतोय का, आणि लागत असेल तर ताप यायच्या आधीच लागतोय का. धडधाकट तरुण माणसं अ‍ॅडमिट होतायत का. जिथे आहे तिथले दवाखाने भरलेत का. आणि हा खरंच नवा आहे की टेस्ट नवी आहे. या सगळ्याला हो आलं तर मीच तुम्हाला लिहीन की माल उचला. एकालाच हो असेल तर बातमी आठवड्यातून एकदा, दिवसा, आणि एकाच ठिकाणी वाचायची, रात्री अकराला अंथरुणात नाही.

धाकट्या मुलाचं राहिलं. त्याला फ्लूची लस आधी कधीच दिली नसेल तर नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वेळी दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर दुसरा येईल. डायरीत तारीख लिहून ठेवा. आणि दोघांना शाळेत पाठवा.